गंज उतरवणारी वीज

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप काही हौशी मंडळी आजही घरच्या घरी दुरुस्त करून चालवतात. तिचा पोलादी सांगाडा, म्हणजे चासी, शिडीसारखा असून तो चार कमानपाट्यांवर तोललेला असतो. त्यांवरचा जुना गंज कसा काढायचा?

चासीच्या सुट्या भागांसाठी विद्युत अपघटनाचा उपाय सोपा आहे. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवतात. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या पुरवठ्याच्या ऋण टोकाला आणि साधा लोखंडी पत्रा धन टोकाला जोडतात. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, तांबडा गंज सैल होतो आणि ब्रशने निघतो. धन टोकाचा पत्रा मात्र हळूहळू झिजतो. तेथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम उघड्या हवेत व जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

मग कमानपाटेही टबात का बुडवू नयेत? खरी मेख येथेच आहे. हायड्रोजनचे अणू अतिशय लहान असतात. पाट्यांच्या कठीण पोलादात ते शिरतात आणि त्याला ठिसूळ बनवतात. असा पाटा वरून लख्ख दिसेल, पण भर रस्त्यात भाराखाली अचानक मोडेल. चासीच्या मऊ पोलादाला हा धोका फारच कमी असतो. म्हणून पाटे तारेच्या ब्रशनेच घासतात.

साफ केलेला भाग लगेच वाळवून त्यावर रंगाचे अस्तर द्यावे. उघडे लोखंड पुन्हा गंजायला वेळ लागत नाही.

आता सांगा पाहू, चुकून टोके उलटी जोडली तर जीपच्या भागाचे काय होईल?