सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरी शेती

अमेरिकेत महामंदी ऐन भरात असताना, 1932 साली, स्कॉट निअरिंग आणि त्यांच्या सहचरी हेलन न्यूयॉर्क सोडून व्हरमाँटच्या डोंगरातल्या शेतावर राहायला गेले. स्कॉट तेव्हा पन्नाशीला टेकलेले अर्थतज्ज्ञ. बालमजुरीविरुद्ध आवाज उठवणाऱ्या या प्राध्यापकाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1915 मध्येच काढून टाकलं होतं.

दोघंही शाकाहारी. गुरं नाहीत, कोंबड्या नाहीत. जमिनीचा कस वाढवला तो पालापाचोळ्याच्या कंपोस्टवर. रोख पैशासाठी मेपल झाडांचा रस आटवून पाक आणि साखर विकायची, भाजीपाला घरापुरता पिकवायचा आणि कर्ज काढायचं नाही. दिवसाचे चार तास पोटापाण्याच्या कष्टांना, चार तास वाचन, लेखन, संगीताला. उतारवयात शेतीकडे वळणाऱ्यांनी त्यांच्याकडून सर्वात आधी घ्यावी ती ही आखणी.

खरी कमाल पुढेच आहे. 1952 मध्ये, स्कॉट सत्तरीला आले असताना, दोघांनी मेन राज्याच्या किनाऱ्यावर पुन्हा शून्यातून सुरुवात केली. इथे कंपोस्टमध्ये समुद्री शेवाळ आलं, मेपलऐवजी ब्लूबेरी आली. नव्वदी गाठलेल्या स्कॉटनी हेलनसोबत दगडी घरही बांधलं. अर्थात पुस्तकं आणि व्याख्यानांची मिळकत होती, मदतीला तरुण पाहुणेही येत. हे विसरून त्यांचा हिशेब मांडणं चुकीचं ठरेल.

शंभरी पूर्ण केल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट 1983 मध्ये स्कॉट गेले. हेलन 1995 पर्यंत होत्या.