हुरूप मागून येतो

पिंजऱ्यात चाक ठेवलं की उंदीर त्यात तासन्‌तास धावतो, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण तो का धावतो? कोंडून घातल्यामुळे तो वेडापिसा होतो म्हणून, की धावणंच त्याला आवडतं म्हणून? नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या योहाना मायर आणि यूरी रॉबर्स यांनी या प्रश्नाचा छडा लावायला चाक पिंजऱ्यातून बाहेर काढलं आणि मोकळ्यावर नेऊन ठेवलं. एक चाक शहरातल्या झाडीत, दुसरं समुद्राकडच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये. जवळ थोडं खाणं, आणि टिपायला कॅमेरा.

रानातले उंदीर आले, चाकात चढले आणि धावू लागले. काही जण तर दहा-पंधरा मिनिटं थांबलेच नाहीत. मागोमाग चिचुंद्र्या आल्या, बेडूक आले, गोगलगायीसुद्धा चाकात चढल्या! पुढे खाणं काढून घेतलं, तरी चाक फिरतच राहिलं. २०१४ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं. कुणी कोंडलेलं नाही, कुणी पाठीशी लागलेलं नाही, पदरात काही पडणारही नाही. तरी जीव धावतो आहे.

मग पहाटेचा गजर बंद करून आपण कूस का बदलतो? व्यायामाचा निश्चय दर जानेवारीत नव्यानं का करावा लागतो? माझी खात्री आहे की दोष निश्चयाचा नाही. आपण हुरूप येण्याची वाट बघत बसतो, आणि शरीराची रीत उलटी आहे. तिथे आधी हालचाल, मग हुरूप.

याचा पहिला पुरावा श्वासातच आहे. १९१३ साली कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी व्यायामाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत श्वासाचं आणि रक्ताभिसरणाचं काय होतं, हे बारकाईनं मोजलं. स्नायू पहिल्या सेकंदापासून कामाला लागतात, पण ऑक्सिजनचा पुरवठा त्यांच्या गरजेला गाठायला दोन-तीन मिनिटं घेतो. तोवर स्नायू साठवणीतल्या आणि ऑक्सिजनविना तयार होणाऱ्या ऊर्जेवर भागवतात. रक्तवाहिन्या हळूहळू रुंदावतात, स्नायू तापतात, सांधे मोकळे होतात. चूल पेटवताना आधी धूर होतो आणि मग जाळ धरतो, तसलाच हा प्रकार. पहिली पाच मिनिटं जड जातात ती आपण आळशी म्हणून नव्हे. शरीर अजून पेटायचं असतं म्हणून. आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट अशी, की नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा उशीरच कमी होतो. काही आठवड्यांत शरीर लवकर पेटायला शिकतं.

मनाची गफलत होते ती नेमकी इथेच. मॅथ्यू रूबी, एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात व्यायामाला निघालेल्या लोकांना आधी विचारलं, ‘तुम्हाला मजा किती येईल?’ व्यायाम झाल्यावर पुन्हा विचारलं, ‘किती आली?’ प्रत्यक्षातली मजा अंदाजापेक्षा जास्त निघाली. योग असो, वजनं असोत की सायकल, घोळ तोच. कारण अंदाज बांधताना मनासमोर फक्त सुरुवात असते, ती धापेची पाच मिनिटं. आणि मन त्यावरून सगळ्या तासाचा निकाल लावून मोकळं होतं. २०११ च्या या अभ्यासानं उपायही सुचवला: आवडीचा भाग आधी घ्या. तेवढ्यानं व्यायाम जास्त सुखाचा वाटेल, असं लोकांना वाटू लागलं आणि तो करण्याची इच्छाही वाढली.

धूर ओसरल्यावर आत जे घडतं, ते थक्क करणारं आहे. धावल्यावरच्या तरतरीचं श्रेय बरीच वर्षं एकट्या एंडॉर्फिन या शरीरातल्या वेदनाशामक रसायनाला दिलं जायचं. पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूभोवतीचा पहारा सहजी ओलांडू शकत नाही. आनंदामाइड नावाचा, शरीरातच तयार होणारा स्निग्ध रेणू मात्र तो ओलांडतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या डेव्हिड राइकलेन यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणूस, कुत्रा आणि फेरेट या तिघांना ट्रेडमिलवर अर्धा तास पळवून त्यांचं रक्त तपासलं. फेरेट हा बिळांत शिरून शिकार करणारा छोटा, लांबोडका प्राणी. लांब पल्ल्याचं धावणं त्याच्या जगण्यात नाही. माणूस आणि कुत्रा यांच्या रक्तात आनंदामाइड वाढलं, फेरेटच्या नाही. ज्यांच्या पूर्वजांना अन्नासाठी मैलोन्‌मैल पायपीट करावी लागली, त्यांना निसर्गानं वाटेतच मोबदला द्यायची सोय केली! राइकलेन यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की हा मोबदला मध्यम वेगाला मिळतो. अगदी रेंगाळत चाललं किंवा जीव तोडून धावलं तर नाही. पहिल्याच आठवड्यात स्वतःला पिळून काढणारा माणूस व्यायाम का सोडतो, याचं एक उत्तर इथे असावं.

आणि ही सोय मेंदूपुरतीच नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या क्रिस्टोफ थाइस यांच्या गटानं २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही उंदीर हौसेनं धावतात, काही नाही. हा फरक कुठून येतो? आनुवंशिकतेचा वाटा थोडा निघाला. मोठा वाटा होता आतड्यातल्या जिवाणूंचा. काही जिवाणू असे रेणू बनवतात, की आतड्यातल्या नसा चाळवल्या जातात. तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो आणि व्यायामाच्या वेळी मेंदूतलं मोबदल्याचं रसायन, डोपामाइन, जास्त काळ टिकून राहतं. प्रतिजैविकं देऊन हे जिवाणू मारले, तेव्हा उंदरांची धाव आणि हौस दोन्ही घटली. उंदरांच्या धावण्याच्या हौसेची एक दोरी त्यांच्या पोटात निघाली!

दुसरी दोरी सोबत्यांच्या हातात असते. ऑक्सफर्डमध्ये एमा कोहेन, रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या नौकापटूंना वल्हवण्याच्या यंत्रांवर ४५ मिनिटं बसवलं. कधी एकेकटं, कधी सगळे एका लयीत. मग एंडॉर्फिनचा अंदाज यावा म्हणून रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाभोवती आवळत नेऊन वेदना किती सोसवते ते पाहिलं. मेहनत दोन्ही वेळा सारखीच होती, पण लयीत वल्हवल्यावर सहनशक्ती कितीतरी जास्त वाढली. लेझीम खेळलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. हलगीच्या ठेक्यावर शंभर लेझमी एकदम वाजतात तेव्हा वाकणं, उठणं, पवित्रा बदलणं हे सगळं दंड-बैठकांच्या तोडीचे श्रम असतात, पण कुणी ‘दमलो’ म्हणत नाही. तालमीतला उस्ताद पोरांना एकत्र जोर मारायला लावतो, वारकरी टाळाच्या ठेक्यावर पंढरपूरपर्यंत चालत जातो. शरीराचं हे गुपित आपल्या मातीनं यंत्रं येण्याआधीच वापरात आणलं होतं.

राहता राहिला खाड्याचा प्रश्न. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग ठेवला. सवय अंगवळणी पडायला मध्यकानुसार ६६ दिवस लागले; पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणजे लोक म्हणतात तशी एकवीस दिवसांत सवय लागली नाही म्हणून खचून जायचं काही कारण नाही. आणि एखादा दिवस चुकला तरी सवयीच्या घडणीत म्हणावा असा फरक पडला नाही!

त्याहून मोठा प्रयोग २०२१ मध्ये संशोधक केटी मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका व्यायामशाळांच्या साखळीचे ६१,२९३ सदस्य आणि त्यांना जिममध्ये आणण्याचे ५४ उपाय. सर्वांत पुढे राहिला तो उपाय म्हणजे, खाडा झाल्यानंतर जो पुन्हा येईल त्याला मोजक्या सेंटचं जादा बक्षीस. रक्कम अगदीच किरकोळ; मोल होतं ते परत येण्याला दिलेल्या मानाचं.

व्यायाम टिकवण्याचं बळ मला यातच दिसतं. पहिली पाच मिनिटं जड जाणारच, तेव्हा त्यांच्यावरून निकाल लावू नये. वेग बोलता येईल इतकाच ठेवावा. आवडीचा प्रकार आधी घ्यावा, कुणाला तरी सोबत घ्यावं. आणि खाडा पडलाच, तर त्याचा पश्चात्ताप करण्यात दुसरा दिवस घालवू नये. बुटांच्या नाड्या बांधाव्यात आणि निघावं. हुरूप वाटेत भेटतो. लाखो वर्षं तो तिथेच भेटत आला आहे.