तेच तीन आकडे, उलट क्रम

समजा, डोंबिवलीच्या फडके रोडवर दोन शेजारी आहेत. निवृत्तीच्या दिवशी दोघांकडे 50 लाख, सगळे शेअर फंडांत. पुढच्या तीन वर्षांचे परतावेही सारखेच: एका वर्षी 30 टक्के तोटा, एका वर्षी 10 टक्के नफा, एका वर्षी 40 टक्के. फक्त पहिल्याच्या वाट्याला ते याच क्रमानं येतात, म्हणजे तोटा आधी; दुसऱ्याच्या वाट्याला बरोबर उलट, तोटा शेवटी. पैशांना हात लावला नाही, तर दोघेही 53 लाख 90 हजारांवर पोचतात. गुणाकाराला क्रमाचं सोयरसुतक नसतं.

आता दोघेही दर वर्षअखेरीला घरखर्चासाठी 5 लाख काढू लागले. पहिल्याकडे उरतात 34 लाख 20 हजार. दुसऱ्याकडे 41 लाख 55 हजार! विश्वास बसत नसेल तर कागद-पेन्सिल घ्या.

हे गौडबंगाल काय? तरुणपणातली एसआयपी आठवा. हप्ता ठरलेला, त्यामुळे बाजार पडला की तेवढ्याच पैशांत जास्त युनिट्स पदरात पडत. निवृत्तीनंतर हेच यंत्र उलटं फिरतं. आता खर्च ठरलेला, त्यामुळे बाजार पडला की तेवढेच पैसे उभे करायला जास्त युनिट्स विकावी लागतात. पुढे बाजार सावरतो, पण विकलेली युनिट्स त्या तेजीला हजर नसतात. ज्या मंदीनं तिशीत हात दिला, तीच साठीत खिसा कापते.

8 जानेवारी 2008 ला सेन्सेक्सनं पहिल्यांदा 21,000 ओलांडले. 27 ऑक्टोबरला तो 8,000 च्याही खाली गेला होता. त्या जानेवारीत ज्याचा निरोपसमारंभ झाला, त्याची चूक कोणती? जन्मतारीख!

आणि गंमत बघा, एनपीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, 'मध्यम' लाइफ सायकल पर्यायात इलाजही जन्मतारखेलाच बांधलाय. पस्तिशीपर्यंत शेअरचा वाटा 50 टक्के. मग दर वाढदिवसाला 2 टक्के कमी, पंचावन्नाव्या वर्षी उरतो 10. इकडे घरी केक कापला जातो, तिकडे आपोआप शेअर. बाजाराचं भविष्य कुणी कुणाला विचारत नाही.

मग उरलेलं सगळं मुदत ठेवीत? ठाणे-डोंबिवलीकराचे पाय सवयीनं जवळच्या सहकारी बँकेकडे वळतात. पण बँक कुठलीही असो, ठेव विम्याचं कवच एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, 5 लाखांचंच. फेब्रुवारी 2020 आधी तर ते 1 लाख होतं. त्यामानानं सरकारी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2023 पासून 30 लाख ठेवता येतात. 8.2 टक्के दरानं दर तिमाहीला 61,500 रुपये हातात. बाजार झोपलेला असताना यावर घर चालतं आणि युनिट्सना हात लावावा लागत नाही. माझ्या मते या व्याजाचं खरं मोल तेच.

तरी शेअर शून्यावर आणू नयेत. महागाई 6 टक्के धरली तर साठीतला खर्च बहात्तरीत दुप्पट होतो. आणि इथे सगळ्यात मोठा धक्का बसतो. 2014 मध्ये मायकेल किटसेस आणि वेड फाऊ या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवलं, की शेअरचा वाटा निवृत्तीच्या वेळी सर्वांत कमी ठेवून पुढे हळूहळू वाढवत नेला, तर पैसे अधिक काळ टिकू शकतात. म्हणजे आजोबांकडे पंचाहत्तरीत साठीपेक्षा जास्त शेअर! कारण? सुरुवातीलाच मंदी आली, तर वाटा वाढवताना शेअर स्वस्तात मिळतात. उलटं फिरलेलं एसआयपीचं यंत्र पुन्हा सुलटं फिरू लागतं.