रद्दीचा भाव आणि संघटना

माझी आई पुण्यात कचरा वेचीत असे. तिच्या गोणीवरच मी शिकलो. रद्दीचा भाव भंगारवाला ठरवतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तो कागद गिरण्यांच्या मागणीवर ठरतो, आणि त्या मागणीचे धागे परदेशी बाजारात गुंतलेले असतात. 2008 च्या अखेरीस जगात मंदी आली आणि पुठ्ठ्याचे भाव कोसळले. मी तेव्हा बारावीत होतो. गोणी तेवढीच भरे, पैसे मात्र अर्धेमुर्धे येत.

अशा वेळी संघटनेने काय करावे? मोर्चा कोणावर न्यावा? इथे मालकच नाही. संप केला तर उपाशी राहणार वेचकच. 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने भंगाराच्या भावापलीकडची वाट धरली होती. 2008 मध्येच 'स्वच्छ' या वेचकांच्या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि घरोघरचा कचरा नेण्याचे शुल्क वेचकांना मिळू लागले. हे शुल्क बाजारभावावर अवलंबून नव्हते.

गलिच्छ कामे सोडा, असे बाबासाहेब सांगत. मग त्याच कामाचे हक्क कसले मागता, असे माझे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण सोडणाऱ्याच्या घरी त्या संध्याकाळची चूल पेटायला हवी ना?

पहिल्या महिन्याचे शुल्क मागायला आई एका दारात उभी राहिली. आतून आवाज आला, "आता कचऱ्याचेही पैसे?" ती तिथून हलली नाही.