अस्थींची साक्ष
नाशिक व संगमनेरजवळचे जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननांतून जी ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृती उजेडात आली, तिच्या नेवासे, इनामगाव येथील वस्त्यांत घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या कुंभांत पुरलेली बालके आढळली. अशा अस्थी हाती आल्या म्हणजे मानवशास्त्रज्ञ, दस्तऐवज तपासणाऱ्या कारकुनाच्या चिकाटीने, त्या मनुष्याच्या की पशूच्या हे प्रथम ठरवितो. मग दातांच्या उगवणीवरून बालकाचे वय, कटीच्या हाडावरून प्रौढाचे लिंग आणि मांडीच्या हाडावरून उंची अजमावतो. बालकाचे लिंग मात्र अस्थींच्या घडणीवरून खात्रीने सांगता येत नाही. खोदकामात हाडे सापडल्यास ती न हलविता पोलिसांत वर्दी द्यावी. हाडांची मूळ जागा हाही पुरावाच असतो.