एका खोलीत घर बसवताना

जाहिरातीत ज्याला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणतात ते घर म्हणजे एकच खोली, तिच्याच एका कडेला ओटा आणि आत स्वतःचे न्हाणीघर-संडास. ‘वन रूम किचन’मध्ये स्वयंपाकघराला निदान वेगळी भिंत असते, स्टुडिओत तीही नसते. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांत अशी घरे साधारण २०० ते ३५० चौरस फुटांची आढळतात. मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे घरही याच मापात बसते. योजना सुरू झाली तेव्हा ते २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले आणि नंतर ३००.

हे आकडे कार्पेट क्षेत्राचे, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून आत वापरायला मिळणाऱ्या जागेचे आहेत. २०१६च्या स्थावर संपदा कायद्यात कार्पेट क्षेत्राची व्याख्या दिलेली आहे आणि बिल्डरने घराचे माप त्यातच सांगायचे असते. तरीही बोलण्यात ‘सुपर बिल्ट-अप’चा मोठा आकडा पुढे केला जातो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा मिसळलेला असतो आणि तिथे काही कपाट ठेवता येत नाही.

३०० चौरस फुटांतून न्हाणीघर-संडासाचे साधारण ३५ आणि ओटा व त्यापुढे उभे राहण्याचे ४५ वजा केले, तर २२० उरतात. त्यात सव्वासहा फूट बाय पाच फुटांचा डबल बेड ठेवला की तो स्वतः ३१ चौरस फूट घेतो. उठण्याबसण्यासाठी एका बाजूला आणि पायथ्याशी दोन-दोन फूट मोकळे ठेवले, तर आणखी साडेबावीस जातात. उरलेल्या जागेचा जवळजवळ चौथा हिस्सा अशा वस्तूने अडतो, जिचा वापर दिवसातून सात-आठ तास होतो. सोफा, जेवणाचे टेबल, लिहिण्याचे टेबल यांचा हिशोबही असाच निघतो. एका खोलीच्या घरात अडचण होते ती बहुधा चौरस फुटांपेक्षा या कायम मांडून ठेवलेल्या सामानामुळे. मोठ्या घराचे फर्निचर लहान मापात करून आणले, तरी ती सुटत नाही.

चाळीने हे गणित फार आधी सोडवले होते. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक, मोरी खोलीत. इतक्या जागेत आख्खे कुटुंब नांदायचे, कारण जमिनीवर कायमचे जवळपास काहीच नसे. रात्री गाद्या पसरायच्या, सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात किंवा कॉटवर रचायच्या. जेवताना पाट मांडायचे, जेवण झाले की ते भिंतीला उभे करायचे. भांडी मांडणीवर, कपडे खुंटीवर आणि दांडीवर, ट्रंका कॉटखाली, वर्षाचे सामान माळ्यावर. गिरणगावातल्या गाळ्यांनी तर याची कमाल केली. कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एका गाळ्यात दाटीने राहत, जेवायला खाणावळीत जात आणि पाळीप्रमाणे झोपत. रात्रपाळीचा माणूस परते तोवर पहिल्या पाळीच्या माणसाची जागा रिकामी झालेली असे. ते हलाखीचे जगणे होते, त्याचे कौतुक करण्यात अर्थ नाही. पण एकच जमीन वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामाला लावायची, हे तत्त्व आजच्या स्टुडिओलाही जसेच्या तसे लागू पडते.

हाँगकाँगचे वास्तुरचनाकार गॅरी चँग यांनी तेच तत्त्व यंत्राच्या मदतीने टोकाला नेले. त्यांचे घर ३४४ चौरस फुटांचे. लहानपणी ते तिथेच आईवडील आणि तीन बहिणींसोबत राहत. मोठेपणी त्यांनी छताला रुळ बसवून सरकत्या भिंती टांगल्या. भिंत सरकली की मागून स्वयंपाकघर, पलंग किंवा पुस्तकांचे शेल्फ बाहेर येते आणि अशा चोवीस रचना करता येतात. सामान्य घराला एवढ्या खटाटोपाची गरज नाही.

सुरुवात बिछान्यापासून करावी. सर्वांत स्वस्त आणि अजूनही सर्वांत कार्यक्षम उपाय म्हणजे घडीची गादी. ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा वयामुळे जमिनीवर झोपणे जमत नाही, त्यांच्यासाठी दिवसा बैठकीचे काम करणारा दिवाण बरा. खाली कप्पा असलेला बॉक्स बेड साठवणुकीला चांगला, पण तो जमीन अडवतोच. शिवाय कप्पा उघडायला दर वेळी गादी उचलावी लागली तर आतले सामान महिनोन्महिने बाहेर निघत नाही. भिंतीत उभा मिटणारा पलंग विसाव्या शतकाच्या आरंभी सॅन फ्रान्सिस्कोतल्या विल्यम मर्फी यांनी लोकप्रिय केला आणि इंग्रजीत तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो आता आपल्याकडेही मिळतो. त्याचा भार भिंतीवर येतो, म्हणून विटांची पक्की भिंत हवी. नव्या इमारतींत आतल्या भिंती अनेकदा हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. त्यांत साधे खिळे-स्क्रू टिकत नाहीत, खास अँकर लागतात. सुताराला हे आधी विचारलेले बरे.

उंचीचा वापर सगळेच सुचवतात, पण त्याला आपल्याकडे दोन मर्यादा आहेत. पहिली छताची. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट आहे आणि बहुतेक नव्या सदनिका या किमान मापाच्या आसपासच थांबतात. वर बसता यावे एवढा साडेतीन फुटांचा पोटमाळा काढला, तर खाली जेमतेम साडेपाच फूट उरतात. तिथे उभे राहता येत नाही. उंच छताच्या जुन्या चाळीत पोटमाळ्यावर दोघे झोपत, म्हणून ते नव्या फ्लॅटमध्येही जमेल असे नाही. फार तर वर झोप आणि खाली बसून करण्याचे काम, एवढीच जोडी जमते. दुसरी मर्यादा पंख्याची. उंच पलंगावर उठून बसलेल्या माणसाचा हात फिरत्या पात्यांपर्यंत पोचतो, ही गोष्ट परदेशी मासिकांतले फोटो पाहून फर्निचर करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. उंच पलंग हवाच असेल, तर छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावावा.

त्यापेक्षा सात फुटांवर दाराच्या किंवा न्हाणीघराच्या वर दीड-दोन फुटांचा माळा काढणे सोयीचे. तिथे वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टी ठेवाव्यात: गणपतीचे मखर, आकाशकंदील, जादा रजया, पाहुण्यांची भांडी. दिवाळीच्या साफसफाईत जी वस्तू दुसऱ्या वर्षीही न वापरताच परत वर जाते, ती भंगारवाल्याची किंवा बोहारणीची समजावी. भिंतीवरच्या कपाटांची खोली कामापुरतीच असावी. हँगरवरच्या कपड्यांना २२ ते २४ इंच लागतात, पण पुस्तकांना दहा, डबे-बरण्यांना आठ ते दहा पुरतात. सगळीकडे सरसकट दोन फुटांची कपाटे केली की पुढच्या रांगेमागे दुसरी रांग लपते आणि खोलीही आखूड होते.

ओट्याच्या बाबतीत एक जुने उदाहरण अजून उपयोगी आहे. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफुर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या डायनिंग कारमधली मुदपाकखान्याची मांडणी त्यांच्यासमोर होती. स्वयंपाक करणारीची पावले कमी पडावीत म्हणून प्रत्येक वस्तूची जागा तिच्या हालचाली पाहून ठरवली होती. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. मराठी घरात हीच कसोटी पोळ्यांची. सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये निदान दोन फूट ओटा मोकळा नसेल, तर पोळपाट जमिनीवर येतो आणि खोलीतली तेवढी जागा रोज सकाळी जाते. मिक्सर, डबे, मसाले भिंतीवर चढवून हे दोन फूट राखावेत. ओट्याखाली ट्रॉल्या सोयीच्या खऱ्या, कारण मागची वस्तू पुढे येते. मात्र त्यांचे रुळ आणि बाजूच्या फटी मिळून थोडी जागा खातात. फार कमी जागेत साधे कप्पे आणि प्लास्टिकच्या टोपल्याही तेच काम करतात.

गॅसची काळजी इथे नेहमीपेक्षा जास्त घ्यावी लागते. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि स्टुडिओत माणसे अनेकदा तिथेच जमिनीवर झोपलेली असतात. सिलिंडर ओट्याखालच्या दारात बंद केला, तर दाराला खालच्या बाजूने हवा खेळायला छिद्रे हवीत. झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करणे ही सवयच असावी. पाइपचा गॅस घेतला तर सिलिंडरची जागा वाचते. फोडणीचा वास गादी-पडद्यांत मुरू नये म्हणून एक्झॉस्ट पंखा ओट्याच्या डोक्यावरच बसवावा.

पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे खोली व्यापून टाकतात. कप्पीने वर चढवायच्या दांड्या छताला लावल्या तर कपडे डोक्यावर राहतात आणि खालून वावरता येते. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवून ठेवले की मागे ओल धरते आणि बुरशी येते. दोन इंच फट ठेवावी. उंच कपाट खिडकीच्या बाजूला ठेवले, तर ते निम्मा उजेड गिळते. त्याची जागा दाराच्या भिंतीला.

आतल्या भिंती उभारण्याचा मोह बहुतेकांना होतो. साडेचार इंची विटांची दहा फूट लांब भिंत पावणेचार चौरस फूट जागा घेते आणि एका उजेडाच्या खोलीच्या दोन अंधाऱ्या खोल्या करते. पडदा किंवा छातीएवढ्या उंचीचे उघडे शेल्फ पुरेसे असते. उलट असलेली भिंत पाडायची असेल, तर ती भार पेलणारी नाही हे इंजिनिअरकडून तपासून घ्यावे आणि सोसायटीची परवानगी घ्यावी. जुन्या इमारतींत बहुतेक भिंती भाराच्याच असतात. कॉलम आणि बीमला तर कुठेच हात लावता येत नाही.

फर्निचरने न सुटणारी गोष्ट एकच: आवाज आणि एकांत. दोघांच्या झोपेच्या वेळा वेगळ्या असतील किंवा घरात दहावीचा विद्यार्थी असेल, तर कुठलाही घडीचा पलंग उपयोगी पडत नाही. चाळीत गॅलरी होती, शेजारची खोली होती, मजल्याचा जिना होता. बंद दारांच्या इमारतीत वाचनालय किंवा अभ्यासिकाच शोधावी लागते. त्यामुळे स्टुडिओ हे मुळात एका-दोघांचे घर आहे. चौघांना ते वेळापत्रक पाळूनच वापरता येते.

फर्निचर मागवण्यापूर्वी त्याच्या मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवून दोन-चार दिवस त्यांना वळसा घालून वावरावे, दार-खिडकी-फ्रिज पूर्ण उघडतात का ते पाहावे, आणि जिन्याचे वळण व लिफ्टचे दार मोजून घ्यावे.