सगळ्यांना ठाऊक असलेला पासवर्ड

लांडेवाडी चौकात बसमधून उतरलं की नाशिक रस्त्याची धूळ तोंडावर येते. एमआयडीसीकडे टेम्पो, ट्रेलर, पत्र्याच्या कॉइली लादलेले ट्रक वळताहेत. कॉलेजच्या फाटकाशी रखवालदार ओळखपत्र बघतो. वहीत नाव, वेळ, सही. मगच आत सोडतो.

आत परीक्षेचे फॉर्म भरायची गर्दी. ऑफिसच्या खिडकीपासून रांग थेट जिन्यापर्यंत. पंखा फिरतोय, पण वारा लागत नाही. सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये.

"आलं का रे पेज?"

"कुठलं? फिरतंयच अजून."

नोटीस बोर्डावर वेळापत्रकाशेजारी एक कागद टाचलाय. वायफायचं नाव, खाली पासवर्ड. कॉलेजचं नाव, पुढे १२३. मुलं, मास्तर, ऑफिस, कॅन्टीनवाला, सगळ्यांना हाच. मागच्या वर्षी पास होऊन गेलेल्यांचे फोनही फाटकाबाहेर चहा पिताना आपोआप जोडले जातात. त्यांची सही कुठल्याच वहीत नाही.

जिना चढून लॅबमध्ये येतो. छताला वायफायचा डबा, त्यावर धूळ. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२, म्हणजे २००४ ची. फोन जोडला जाताना त्याची नि डब्याची चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड माहीत असलेल्या कुणी ते निरोप टिपले, तर त्या फोनची किल्ली त्यालाही काढता येते. बँकेच्या पानाला स्वतःचं वेगळं कुलूप असतं. तरी कोण कुठल्या साइटवर जातंय, हे बहुतेक वेळा दिसतंच. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी या चार निरोपांतच खोट दाखवली. दुरुस्ती आली, २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ ही आलं. हा डबा मात्र बसवल्यापासून कुणी अपडेट केलेला नाही.

लॅबमधले सर मुलांना एक प्रयोग दाखवतात. लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू करतात. नाव तेच, पासवर्ड तोच. बाकावरचे फोन एकेक करून त्याला जोडले जातात. कुणी बोट लावलेलं नाही. मुलं पुढे वाकून बघतात.

"फोन नाव आणि पासवर्ड ओळखतो. समोर कोण आहे, ते नाही," सर सांगतात.

मग फळ्यावर उपाय लिहितात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. कॉलेज सोडलं की ते बंद. ऑफिसचं नेटवर्क निराळं. आणि जोडताना फोनने सर्टिफिकेट तपासलंच पाहिजे, नाहीतर खोटा सर्व्हर वेगळं लॉगिनही खिशात घालेल.

खाली रांग दोन पावलं सरकलीय. यातल्या कितीतरी फॉर्मच्या फीत वडिलांच्या ओव्हरटाइमचे पैसे आहेत. ते या मुलांइतक्याच काळजीने कॉलेजनेही जपायला हवेत.

एका मुलीचं पेज उघडतं. पैसे भरण्याआधी ती वायफाय बंद करते, मोबाइल डेटा सुरू करते. मागच्या मुलीला म्हणते, "तूपण आधी हे बंद कर, मग भर."